दारव्ह्याच्या तांड्यावर सुकट घेऊन

एसटीच्या तिकीट तपासणीत उभी नोकरी काढलेल्या माणसाला प्रवासाबद्दल लिहायला सांगू नये. तो खिडकीबाहेर बघतच नाही, शेजाऱ्याच्या खिशाकडे बघतो. पण रत्नागिरीच्या आमच्या सकाळच्या कट्ट्यावर एकानेही यवतमाळ पाहिलेलं नाही, आणि परत आल्यापासून सगळे एकच विचारतात, "तिथे खातात काय हो?" मी तेच बघायला गेलो होतो, म्हणून तेवढं सांगतो.

माझी एकुलती एक मुलगी नेहा. पुण्यात शिकताना तिचं विजयशी जमलं आणि लग्न करून ती दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यावर गेली. विजय मुलगा सरळ आहे, दारव्ह्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. मी त्याची चौकशी तीन ठिकाणी केली होती, म्हणून खात्रीने सांगतो. नेहाची आई असती तर बाळंतपण इकडेच झालं असतं. ती नाही, म्हणून ते तिकडे झालं. बाळ तीन महिन्यांचं झालं तरी नेहाच्या अंगात जीव येईना. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, अंडी, डाळी, मासळी असं प्रथिनं देणारं पोटात जाऊ द्या.

मग एक दिवस फोनवर नेहा म्हणाली, "बाबा, काळजी करू नका. याडी मला खेकड्यांचा रस्सा देतात, नदीतले शिंपले देतात. बरं वाटतंय."

याडी म्हणजे आई, बंजाऱ्यांच्या गोरबोलीत. सासूला ती याडी म्हणते. ते मला टोचलं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठा प्रश्न होता तो खेकड्यांचा. यवतमाळ जिल्ह्यात समुद्र कुठला? मग हे खेकडे येतात कुठून, ते कोण पकडतं, आणि बाळंतिणीला खाऊ घालण्याआधी कोण तपासतं? मी पिशवीत सुकट भरली, म्हणजे वाळवलेली कोळंबी. वर थोडे सुके बोंबील ठेवले आणि निघालो. परत येताना नेहा आणि बाळ माझ्याबरोबर असतील हे मी मनात ठरवलं होतं. हे मात्र कोणाला सांगितलं नाही.

यवतमाळ ते दारव्हा

यवतमाळच्या स्टँडवरून दारव्ह्याची गाडी पकडली. गाडी सुटते न सुटते तोच मागच्या बाकावरच्या बाईंनी नाकाला पदर लावला. पुढचा माणूस वळून माझ्या पिशवीकडे बघू लागला. कंडक्टर आला, वाकून वास घेतला आणि म्हणाला, "काका, काय नेऊन राह्यले? कोणी मेलं-बिलं का आत?"

ज्याने हजारो पिशव्या उघडायला लावल्या त्याला भर गाडीत स्वतःची पिशवी उघडून दाखवावी लागली. कंडक्टरने सुकट बोटाने हलवून पाहिली. "हे खातेत?" त्याने विचारलं, आणि उत्तर न ऐकता पिशवी शेवटच्या बाकाखाली ठेवायला सांगितली. मी खात्यातला जुना माणूस आहे असं सांगणार होतो, पण अशा वेळी ओळख न देण्यातच शहाणपण असतं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी आणि सोयाबीन, मध्येच सागाची झाडं. भाद्रपदाचं ऊन आमच्या वैशाखाला लाजवील असं. शेतांमधून पाठीवर पंप बांधलेली माणसं फवारणी करत चालली होती आणि बंद काचेतूनही औषधाचा वास आत येत होता. त्याबद्दल मात्र गाडीत कोणी नाकाला पदर लावला नाही.

दारव्ह्याला बाजाराचा दिवस होता. मी मुद्दाम मासळीच्या ओळीत गेलो. बर्फातले मोठाले मासे परराज्यातून येतात म्हणे. डोळे आत गेलेले, कल्ले विटकरी. मी एकाचं पोट दाबून पाहिलं आणि विकणाऱ्याने माझा हात बाजूला केला. शेवटी एका म्हातारीपुढे पाटीभर नदीतले बारीक झिंगे होते, नखाएवढे, अजून उड्या मारणारे. लोक ते वाट्याने घेत होते. इथला माणूस पाण्यातलं जे खातो ते बहुतेक असंच लहान, बिनकौतुकाचं, ज्याला कोणी मासळी म्हणून मोजतही नाही. मी त्यांत खोट शोधली, सापडली नाही, आणि त्यामुळेच जरा बेचैन झालो.

तांडा

जीपने तांड्यावर पोचवलं. पक्की घरं, अंगणात बैल, पलीकडे कपाशी आणि तिच्या खालच्या अंगाला झाडीत लपलेला नाला. नेहा दारात उभी होती. वाळली होती, पण तोंडावर कळा होती. बाळाने माझ्याकडे बघून भोकाड पसरलं.

नेहाच्या सासूबाई जमुनाबाई उंच, हातभर बांगड्या, आवाज दणदणीत. सासरे गुलाबराव कमी बोलणारे. जमुनाबाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "या इवाई. एवढ्या दुरून आले, पोरीले पायाले का आमाले पायाले?" इवाई म्हणजे व्याही. बाईंची नजर माझ्यासारखीच आहे हे मी लगेच ओळखलं.

दुपारी त्या परसात रस्सा करायला बसल्या आणि मी खाट ओढून जवळ बसलो, उघड उघड पहारा द्यायला. घमेल्यात नाल्यातले खेकडे होते. आमच्या समुद्रातल्या कुर्ल्यांपुढे अगदीच बारके आणि मातकट. जमुनाबाईंनी तुराटीची, म्हणजे तुरीच्या वाळक्या झाडाची, एक काडी घेतली आणि एकेका खेकड्याच्या तोंडापुढे धरली. खेकडा नांगीने काडी गच्च पकडायचा, बाई काडी उचलायच्या, तो लोंबकळत वर यायचा, मग त्याला दुसऱ्या भांड्यात सोडायच्या. एकाने काडी धरली नाही. तो त्यांनी कुंपणापलीकडे फेकला.

"हे काय?" मी विचारलं.

"माझी सासू करे. काडी नाई धरली त घरात नाई घेत."

पाहुण्यापुढचा देखावा, मी मनात म्हटलं. आमच्या खात्यातही साहेब यायचे त्या दिवशी सगळे कंडक्टर तिकिटं फाडायचे. पुढे त्यांनी खेकडे धुतले, नांग्या पाट्यावर वाटल्या, ते पाणी फडक्यातून गाळलं आणि लसूण, मिरं घालून उकळलं. वास मात्र असा सुटला की मला थुंकी गिळावी लागली. नेहाने ज्वारीची भाकरी कुस्करून वाडगाभर रस्सा खाल्ला आणि बोटं चाटली. तिच्या आईच्या हातचं खाताना ती असंच करायची. मला एकीकडे बरं वाटलं आणि एकीकडे राग आला.

मग मी सुकट काढली. जमुनाबाईंनी मूठभर हातात घेतली, उजेडात धरली, पुन्हा पिशवीत टाकली आणि हात तीनदा धुतले.

"हे मेलं कधी?"

"उन्हाळ्यात वाळवलेली आहे. आमच्याकडे बाळंतिणीला देतात."

"मंजे कधी मेलं ते तुमाले बी माहीत नाई," त्या म्हणाल्या. "आमी जित्तं आणतो, डोळ्यापुढं शिजवतो. लेकराच्या मायले हे वाळलेलं मी नाई देत इवाई, राग नोका मानू." आणि पिशवी त्यांनी आढ्याच्या खुंटीला, माझा हात पोचणार नाही अशी टांगली.

नेहा हसत होती. मी नव्हतो हसत. ज्या घरात माझी सुकट खुंटीला टांगली जाते तिथे माझ्या शब्दाला काय किंमत असणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीमागे मला फडक्याने झाकलेलं एक मडकं दिसलं. झाकलेली वस्तू दिसली की मला राहवत नाही. आत पाण्यात काळपट हिरवे शिंपले आणि सुपारीएवढ्या पाणगोगलगाई. नेहा म्हणाली, गाळ सोडण्यासाठी याडी दोन-तीन दिवस ठेवतात. मी चाखून पाहिलं, पाणी गोडं! आमच्याकडे बाजारातून तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, आणले की मिठाच्या पाण्यात ठेवतात, रेती भसाभस सोडतात. बाईंना एवढं साधं माहीत नाही याचा मला, खरं सांगतो, आनंद झाला. मी चुलीजवळच्या बरणीतून खडे मीठ काढलं आणि ओंजळभर त्या पाण्यात टाकलं.

संध्याकाळी परसातून जमुनाबाईंची हाक आली. मडक्यात पाण्यावर शेंबडासारखा फेस, गोगलगाई लोळागोळा, शिंपले आ वासून पडलेले. जन्मभर नदीच्या गोड्या पाण्यात राहिलेल्या जिवांना मी समुद्र पाजला होता.

"बाबा, तुम्ही मीठ टाकलंत?" नेहाने विचारलं.

"टाकलं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

जमुनाबाईंनी मडकं पालथं केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मले वाटलंच. तुमची सुकट खुंटीवरून उतरावी म्हून केलं ना हे?"

आयुष्यभर मी लोकांवर संशय घेतला, पण स्वतःवर असा घेतला गेलेला पहिल्यांदाच अनुभवला. आणि वाईट हे की त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. मी शपथ घेतली. गुलाबराव खाटेवरून म्हणाले, "जाऊ दे ना." एवढंच.

नाल्यावर

केलेलं भरून द्यावं म्हणून दुसऱ्या सकाळी मी जमुनाबाईंबरोबर खेकडे धरायला निघालो. पाऊस एक सर टाकून गेला होता. काळी माती चपलेला अशी चिकटली की दहा पावलांत मी वीतभर उंच झालो. जमुनाबाई अनवाणी. एकदा मी घसरून बसलो, त्यांनी हात दिला आणि तोंड फिरवून हसल्या. कालचा राग थोडा उतरला असावा असं वाटलं.

वाटेत त्या सांगत होत्या. मटण बाजाराच्या दिवशी, अंडी घरच्या कोंबड्यांची, डाळ रोजची. पण पावसाळ्याचे हे महिने नाला देतो. खेकडे, झिंगे, शिंपले. त्यांच्या चारही बाळंतपणांत सासूने हेच दिलं. खेकडा धरायचा तर दगड हळूच उचलायचा, बिळात काडी घालायची, तो चिडून धरतो, मग मागून पकडायचा. "चावते मातर. हे पाहा," म्हणून त्यांनी अंगठ्यावरची जुनी खूण दाखवली.

नाल्यावर पोचलो आणि बाई थबकल्या. दगड उचलायची गरजच नव्हती. खेकडे वर आलेले, काठावर, गवतात, भर उजेडात. "बापा! बम आले आज!" त्या ओरडल्या आणि टोपली भरू लागल्या. उचलला की टोपलीत, उचलला की टोपलीत.

मी एक उचलला. मुद्दाम पुढून, नांगीशी बोट नेऊन. त्याने काही केलं नाही. दुसराही तसाच. मी समुद्राकाठी जन्मलो आहे. न चावणारी कुर्ली मला बक्षीस दिलीत तरी मी घेणार नाही. पाण्याकडे पाहिलं तर कडेच्या शेवाळात बोटाएवढ्या मासोळ्या पोट वर करून पडल्या होत्या. आणि तोच वास येत होता, एसटीच्या काचेतून आत आलेला.

"विहीणबाई, हे घेऊ नका," मी म्हणालो. "पाण्यात औषध उतरलंय."

"कोणतं औषध?"

"फवारणीचं. बघा ना, चावत नाहीत."

त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काल शिंपले मारले. आज खेकडे खराब. उद्या माझी भाकर खराब म्हणसान. तुमी आले तवापासून पायतो मी. पोरीले नेण्यासाठीच आले ना तुमी? तसं सांगा ना तोंडानं! माझ्या हातच्या जेवणाले काहून नावं ठेवता?"

ते खरं होतं. आणि खेकड्यांचंही खरं होतं. पण आल्यापासून मी पाणी, भांडी, मीठ, सगळ्यावर संशय घेऊन बसलो होतो, आणि आता खऱ्या धोक्याच्या वेळी माझ्याजवळ विश्वास ठेवायला लावण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या टोपली डोक्यावर घेऊन चालू लागल्या. मी मागून चिखलात धडपडत निघालो. मला आयुष्यात इतकी भीती वाटलेली आठवत नाही. तो रस्सा नेहाच्या पोटात जाणार होता, आणि नेहाच्या दुधातून बाळाच्या.

घरी येताच त्यांनी खेकडे घमेल्यात ओतले आणि पाटा धुवायला घेतला. काडी घेतली नाही.

"काडी?" मी विचारलं.

"आपल्या हातानं आत्ता आणले. काडी कायले?"

मी परसातून तुराटीची काडी उचलली आणि घमेल्याजवळ उकिडवा बसलो. गुडघे कडाडले. पहिल्या खेकड्यापुढे काडी धरली. धरली नाही. दुसऱ्याच्या नांगीत घातली, नांगी सैल. तिसरा, चौथा. मी नुसती काडी फिरवत होतो. पाट्याचा आवाज थांबला. जमुनाबाई आल्या, माझ्या हातातून काडी घेतली आणि स्वतः फिरवली. सगळ्या घमेल्यात एकानेही काडी धरली नाही.

त्या तिथेच खाली बसल्या. काडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "वरच्या वावरवाल्यानं पंप धुतला असन नाल्यात. मी जाऊन इचारतो त्याले."

गुलाबराव खाटेवर होते. ते उठून बसले. "त्याले नोको इचारू," ते म्हणाले. "काल म्याच धुतला तिथं. मावा पडला होता कपाशीवर. घाईत होतो, डबा बी तिथंच खंगाळला."

नेहा दारात बाळाला घेऊन उभी होती. जमुनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा तो दणदणीत आवाज एकदम बसला. "मांगच्या खेपेच्याईनं धरली होती ना गं काडी? तू होती ना?"

"धरली होती याडी," नेहा म्हणाली. "एकाने नाही धरली, तो तुम्ही फेकला. बाबांनीपण पाहिलं."

"पाहिलं," मी म्हणालो. कोणाच्या बाजूने साक्ष द्यायला मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

गुलाबरावांनी कोंबड्या उकरणार नाहीत एवढा खोल खड्डा खणला, खेकडे पुरले आणि वर धोंडा ठेवला. दुपारीच विजयला बोलावून आम्ही नेहाला दारव्ह्याच्या डॉक्टरांकडे नेलं. काडी धरली म्हणजे पाणी स्वच्छ, एवढं मानायला मी तयार नव्हतो, आणि आता जमुनाबाईही नव्हत्या. डॉक्टरांनी आई-बाळ दोघांना तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले, पण फवारणी संपेपर्यंत नाल्यातलं काही नको.

परत आल्यावर जमुनाबाईंनी खुंटीवरची पिशवी काढली. सुकट निवडली, भाजली, कांदा-तिखटात परतली. माझ्यापुढे ताट ठेवलं, स्वतःपुढे एक ठेवलं. नेहाने हात पुढे केला तर तिला अडवलं. "आज मी खाऊन पायतो. उद्या उठलो त तुले देतो."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत जेवलो. सकाळी त्यांच्या बांगड्यांचा आवाज परसातून येईपर्यंत मला चैन नव्हतं. पावसात पिशवीला ओल तर लागली नसेल ना, हा विचार रात्रभर डोक्यात होता.

त्या चहा घेऊन आल्या आणि खाली बसल्या. "इवाई," त्या म्हणाल्या, "घेऊन जा पोरीले. फवारणी सरेपर्यंत. मी सांगून राह्यलो, तुमी नाई मांगितली. दिवाळीले आणून पोचवा. नाई आणली त मी येतो तुमच्या समिंदरावर."

जे मागायला आलो होतो ते न मागता मिळालं, तर माझी पहिली शंका ही, की यात बाईंचा डाव काय? मग त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि त्याच्या पायाला तोंड लावून बसल्या. डाव-बिव काही नव्हता. त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी चहा ओतून घेतला.

रत्नागिरी

नेहाला इकडे येऊन आता काही आठवडे झाले. तब्येत सुधारली आहे, बाळ गुटगुटीत झालंय. परवा नेहाला मासळी बाजारात घेऊन गेलो. कुर्ल्या चांगल्या आल्या होत्या. आमची नेहमीची कोळीण, जिच्याशी मी इतकी वर्षं भांडत आलो, ती म्हणाली, "घे गो, ताज्या हायत."

नेहाने पिशवीतून नारळाच्या झाडूचा एक हीर काढला. घरून निघताना तिने तो कधी घेतला, मला पत्ता नाही. भर बाजारात खाली बसून ती एकेका कुर्लीपुढे हीर धरू लागली. कोळीण खवळली. "माझ्यावर संशय? तुझ्या बापाने कधी केलान नाय असा!"

"संशय नाही हो मावशी," नेहा म्हणाली, "आमच्याकडे असंच घेतात."

जन्मली रत्नागिरीत, वाढली याच बाजारात, आणि आमच्याकडे म्हणजे दारव्ह्याच्या तांड्यावर. पहिल्या कुर्लीने हीर गच्च धरला आणि लोंबकळत वर आली. मी पिशवी उघडून धरली. परत येताना स्टँडवर थांबून दिवाळीची यवतमाळची तिकिटं काढली, माझं आणि नेहाचं; बाळाला अजून तिकीट लागत नाही.